बँड पुढे, मी मागे

बस्त्याव मास्तरांचा मला पहिल्यांदा राग आला तो त्यांच्या बुटांमुळे.

वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीत पावसाळ्यात चालायचं म्हणजे चिखलातून पाय उपसत जायचं. दोन्ही बाजूंना पत्र्याचे गाळे, मधे रस्ता म्हणून जे काही होतं त्यात ट्रकच्या चाकांनी पाडलेले खड्डे, आणि खड्ड्यांत कारखान्यांतून सुटलेलं रंगीत पाणी. मी कामगार संघटनेचा सेक्रेटरी. माझी पँट गुडघ्यापर्यंत बरबटलेली, चपलेचा अंगठा तुटलेला, खांद्याला पत्रकांची पिशवी. आणि हा ताडमाड म्हातारा समोरून आला तो पांढरेशुभ्र बूट घालून! शपथेला एक डाग नाही. मला वाटलं, कुठल्या तरी मालकाचा सासरा असणार.

नंतर कळलं, गृहस्थ घरून अनवाणी निघतात. बूट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत. सभेच्या दारापाशी नळ शोधायचा, पाय धुवायचे, बोटांच्या बेचक्यांपर्यंत रुमालाने पुसायचे, मग मोजे, मग बूट आणि मग आत. तोवर सभा खोळंबलेली. पाय धुणाऱ्या माणसाला 'आटपा' तरी कसं म्हणायचं? चिखल त्यांनाही लागत होता, मलाही लागत होता. पण ते आत आले की चारजण उठून जागा द्यायचे, आणि मी आत गेलो की कोणीतरी म्हणायचं, "सावंत, चपला बाहेर हो."

मास्तर म्हणजे शाळामास्तर नव्हेत, बँडमास्तर. वसईतल्या एका ख्रिस्ती गावात त्यांच्या वडिलांपासूनचा बँड होता. मास्तरांनी उमेदीची वर्षं मुंबईत एका कंपनीत फिटर म्हणून घालवली, कंपनीला टाळं लागल्यावर घरी आले आणि बँडच्या पाठी लागले. स्वतः ट्रंपेट वाजवायचे. ओठ फुटू नयेत म्हणून खिशात खोबरेलाची इवलीशी डबी असायची, आणि सभेत कोणाचं भाषण सुरू झालं की ते बोटाने ओठांना तेल लावत बसायचे. माझ्या भाषणाला तर फारच निवांत लावायचे.

आता माझी बाजू सांगतो. नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट आहे. सरकारने ठरवलेलं किमान वेतन आमच्या वसाहतीत फक्त सहीपुरतं होतं. बाई एका आकड्यावर सही करायची आणि हातात त्याच्या निम्मेच पैसे पडायचे. बरं, तो सरकारी आकडासुद्धा असा शिळा, की पुरता हातात पडला तरी महिन्याचा किराणा भरत नसे. म्हणून मागण्या दोन होत्या: दर वाढवा, आणि वाढवलेला दर हातात द्या. एकट्या संघटनेला मालक विचारीत नव्हते. तेव्हा मी सगळ्यांना एकत्र आणायचं ठरवलं. आमची संघटना, आमच्याशी भांडून फुटलेली दुसरी संघटना, मिठागरातले कामगार, माणिकपूरचं महिला मंडळ आणि चर्चचा सामाजिक गट. यांना एका सतरंजीवर बसवताना माझ्या नाकी नऊ आले. समितीची कल्पना माझी. पत्रकं माझी. घसा माझा. बदल्यात मला काय हवं होतं? पद नको, हार नको. एकदा, फक्त एकदा, या लोकांनी माझं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच.

ते होऊ दिलं नाही ते बस्त्याव मास्तरांनी.

समितीत ते आले तेसुद्धा किमान वेतनासाठी नव्हे. त्यांचा ढोलवाला इनास बादल्यांच्या कारखान्यात साच्यावर काम करायचा. दोन्ही हातांवर भाजल्याचे डाग, स्वभावाने गाय, आणि ढोलाला हात लावला की वेगळाच माणूस. चर्चच्या हॉलमधल्या आमच्या पहिल्या सभेत मी शोषणाबद्दल बोलत होतो, तेवढ्यात मास्तर उभे राहिले. म्हणाले, "साहेब, माझ्या ढोलवाल्याला लग्नसराईत रजा मिळत नाही. तेवढं बघा." सगळा हॉल हसला. मी म्हटलं, "मास्तर, इथे पगाराचा प्रश्न आहे." तर म्हणतात कसे, "मग तोही बघा. रजा घेतली की पगार कापतात. म्हणजे एकच झालं."

पुढची सगळी सभा लोक रजेवरच बोलले. एक बाई म्हणाली, बाळंतपणाला गेले तर परत आल्यावर मशीनवर दुसरीच. दुसरी म्हणाली, ताप आला तरी यावं लागतं. महिनाभर जे मला खोदून खोदून काढता आलं नव्हतं ते त्या माणसाने ढोलवाल्याच्या रजेवरून बाहेर काढलं. आनंद व्हायला हवा होता. मला झाला नाही.

आणि त्याच सभेच्या शेवटी तो प्रकार पहिल्यांदा घडला. मी समारोपाला उभा होतो, रंगात आलो होतो. मास्तरांनी डबीचं झाकण लावलं, गुडघ्यावर ठेवलेल्या हाताचं एक बोट वर केलं, आणि कोपऱ्यात तालमीचा ढोल घेऊन बसलेल्या इनासने त्यावर काठी हाणली. धडाम! मी वाक्याच्या मधे अडकलो. मास्तर शांतपणे म्हणाले, "सावंतसाहेब, भात लागला."

म्हणजे शिजून झालाय, आता तळाला लागतोय, उतरवा. लोक खो खो हसत उठले आणि घरी गेले. त्या दिवसापासून मी कुठेही जरा लांबलो की बोट वर, ढोलावर काठी, आणि "भात लागला." पुढे पुढे मास्तरांनी म्हणायचीही गरज उरली नाही. ढोल वाजला की माणसंच ओरडायची. च्यायला, माझ्या जिवावर विनोद!

माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. समितीतल्या प्रत्येकाला त्यांनी वाद्याचं नाव दिलं होतं. मिठागरवाले हरेश्वर पाटील बोलताना हात पुढे-मागे करायचे, ते ट्रॉम्बोन. महिला मंडळाच्या देशपांडेबाई क्लॅरिनेट. फुटलेल्या संघटनेचा जाधव मधूनच एकदा खणखणायचा आणि मग सभाभर गप्प, तो झांज. सगळ्यांना आपापलं नाव आवडायचं. देशपांडेबाई तर स्वतःच सांगायच्या, "मी क्लॅरिनेट हं!" मला मात्र कायम 'सावंतसाहेब'. मन आवरून आवरून किती आवरणार? एकदा चहाच्या टपरीवर मी विचारलंच, "मास्तर, मी कुठलं वाद्य?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. मग म्हणाले, "तुम्ही वाद्य नव्हे. तुम्ही फादरचं प्रवचन."

"म्हणजे?"

"म्हणजे त्याच्याशिवाय लग्न लागत नाही. पण तेवढा वेळ बँड बाहेर विडी ओढतो."

हे वर आणि हसून! पाठीवर थाप मारून! चहाही त्यांनीच पाजला.

गेटसभांचं सांगतो. सुटीच्या वेळी कारखान्याच्या फाटकाबाहेर स्टुलावर उभं राहून बोलायचं, ही आमची वर्षानुवर्षांची पद्धत. पण सुपरवायझर फाटकात उभा राहून कोण थांबतं ते बघायचा आणि दुसऱ्या दिवशी थांबणारा घरी. त्यामुळे माणसं माझ्यासमोरून मान खाली घालून, मी वसुलीला आल्यासारखी पसार व्हायची. मास्तर म्हणाले, "तुम्ही उद्या स्टूल आणू नका." दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते बँड घेऊन आले. लाल कोट, सोनेरी गोंडे, पांढरे बूट, आणि लग्नाची चाल. अख्खा बादली कारखाना फाटकात! बायका डबे हातात धरून टाळ्या वाजवायला लागल्या. सुपरवायझर धावत आला. वरातीला हाकलायचं कसं, हे त्याला कळेना. त्याने विचारलं, "किसका शादी है?"

मास्तरांनी ट्रंपेट खाली घेतलं. "पगार का."

"क्या?"

"पगार का शादी है. दुल्हन कागज पे है, घर नहीं आयी. ढूँढ रहे हैं. आपने देखी क्या?"

बायका हसून हसून रस्त्यावर बसल्या. मग दोन चालींच्या मधे, ओठांना तेल लावता लावता, मास्तरांनी एवढंच सांगितलं, "सहीचा आकडा आणि हातातला आकडा एक पाहिजे. मोर्चा आहे. बँड वाजला की मागे यायचं. कोणाचा झेंडा, कोणाची युनियन, काही विचारायचं नाही. बँडच्या मागे यायचं." संपलं. माझी दोन पानी पत्रकं त्या दिवशी पहिल्यांदा संपली, कारण ती वाटत होता इनास. त्यानंतर रोज संध्याकाळी वेगळं फाटक आणि रोज तीच वरात. मी मागे पिशवी घेऊन.

घरीसुद्धा सुटका नव्हती. आमचं घर माणिकपूरला, दुसऱ्या मजल्यावर. मास्तर आले की माझी बायको सुमन मालवणी मसाला काढायची. मला आल्याचा चहा मागून मिळत नसे आणि त्यांना न मागता बांगड्याचं तिखलं! जेवून ते गेले की विचारायची, "अहो, तुम्ही त्यांच्यासारखं थोडक्यात का नाही बोलत?" मी पेपर तोंडापुढे धरायचो.

मोर्चा जवळ आला तशी झेंड्यांची भांडणं सुरू झाली. पुढे कोणाचा झेंडा? जाधव म्हणाला, आमचा, नाहीतर आम्ही येत नाही. पाटील उठले, "आमी नाय मागं रानार. मिठाच्या पान्यात पाय आमचे कुजतात." देशपांडेबाईंचं म्हणणं, बायका पुढे हव्यात. मी दोन दिवस बसून तोडगा काढला होता. पहिल्या टप्प्यात हा, दुसऱ्या टप्प्यात तो, तहसील कचेरीपाशी सगळे समांतर. ठराव वाचायला घेतला तेव्हा अजून कोणी कोणाची गचांडी धरली नव्हती. वाचून संपला तेव्हा जाधवने पाटलांची धरली होती. मास्तर बूट घालत होते. नाडी बांधता बांधता म्हणाले, "पुढे बँड. बँडला झेंडा नसतो."

झालं. जाधव खाली बसला, पाटील हसले, आणि माझा ठराव देशपांडेबाईंनी चिवड्याखाली घेतला.

एवढा मोठा उपाय इतका सोपा असतो? आणि तो मला का सुचू नये? त्या दिवशी मला त्या माणसाचा जो हेवा वाटला तो मी कोणाला सांगू शकलो नाही.

मोर्च्याच्या दिवशी मात्र देवाने माझं ऐकलं, असं मला वाटलं. सकाळीच इनास सायकल हाणत घरी आला. मास्तरांच्या गावात रात्री एक म्हातारे गेले होते. आंतोनबाबा, केळीच्या वाडीतले. आणि गावात मयत झालं की बँडने जायचंच, पैसे न घेता, श्रीमंताचं असो की गरिबाचं, ही मास्तरांच्या वडिलांनी घालून दिलेली रीत. मास्तरांचा निरोप होता: "मोर्चा तुम्ही काढा. मयत थांबत नाही."

मी तोंड पाडून "अरेरे" म्हणालो. दार लावलं आणि आरशासमोर उभा राहून भाषणाची सुरुवात दोनदा म्हणून बघितली.

स्टेशनजवळून मोर्चा निघाला. पुलापलीकडून पूर्वेची माणसं आली होती, भरपूर आली होती. उत्तरेकडची पोरं, जळगावच्या बायका, मिठागरवाले, सगळे. पण सगळे माना वर करून बघत होते, बँड कुठाय? मी हातात भोंगा घेतला, सगळ्यांच्या पुढे झालो आणि घोषणा द्यायला सुरुवात केली. "किमान वेतन!" मागून आलं, "मिळालंच पाहिजे!" काय सांगू! छाती भरून आली. वसई गावाच्या दिशेने मी चाललोय, मागे माझा मोर्चा, पुढे रिकामा रस्ता. चांगलं अर्ध्या वाटेपर्यंत हे सुख मी उपभोगलं.

मग पापडीच्या अलीकडे, मास्तरांचं गाव लागतं तिथे, मी ओरडलो, "किमान वेतन!"

उत्तर नाही.

पुन्हा ओरडलो. पुन्हा नाही. मागे वळून बघतो तर रस्ता मोकळा! फलकाची एक काठी धरलेला एक माणूस उभा, दुसरी काठी रस्त्यावर पडलेली. मी म्हटलं, "लोक कुठे गेले?" त्याने बाजूच्या गल्लीकडे हात केला. "बँड उधर गया, साब."

गल्लीतून आंतोनबाबांचं मयत निघालं होतं आणि पुढे मास्तर वाजवत होते. सुपारीच्या झाडांमधून तो आवाज रस्त्यावर आला असणार. महिनाभर फाटकाफाटकावर सांगितलं होतं ना, बँड वाजला की मागे यायचं, काही विचारायचं नाही? त्यांनी नाही विचारलं. लग्नाची चाल कुठली आणि मयताची कुठली, हे जौनपूरच्या पोराला कसं कळावं? माझा अख्खा मोर्चा, झेंडे-फलकांसकट, मयताच्या मागे गेला होता.

मी भोंगा घेऊन पळत चर्चपाशी पोचलो. बघतो तर दफनभूमीत आमचे लोक टोप्या काढून, झेंडे खाली करून उभे. एव्हाना त्यांना कळलं होतं काय झालंय ते, पण मयतातून अर्धवट कोण निघणार? पाटलांनी तर माती टाकायलाही रांग धरली होती. आंतोनबाबांचा मुलगा रडत रडत मास्तरांना विचारत होता, "एवढी माणसं बाबांना ओळखत होती?"

मास्तर म्हणाले, "आज ओळख झाली."

मग ते त्याच्याशी आपल्या बोलीत काहीतरी बोलले. ती बोली मला इतक्या वर्षांत कळली नाही, आणि त्याचाही मला रागच होता. मुलाने डोळे पुसले, मान हलवली आणि गावातल्या माणसांकडे वळून दोन वाक्यं बोलला. त्या गावात अशी रीत आहे की आपल्या मयताला आलेल्याच्या दारी आपण जायचंच, ते देणं मागे ठेवायचं नाही. आज हे लोक आपल्याकडे आले, मग आजच यांच्याबरोबर जायचं. काळ्या कपड्यांतले वाडीवाले, शाळेतले मास्तर, लाल लुगड्यातल्या म्हाताऱ्या, खुद्द फादर, सगळे निघाले. पुढे बँड. आणि आता चाल लग्नाची!

कचेरीत ठाण्याहून आलेला कामगार अधिकारी वाट बघत बसला होता. चार झेंडेवाल्यांना निवेदन घेऊन वाटेला लावायचं, अशी त्याची तयारी असणार. खिडकीतून त्याने बघितलं तर खाली वसईच अवतरलेली. तो जिना उतरून खाली आला. "नेते कोण?" त्याने विचारलं. सगळ्यांनी, अगदी माझ्या स्वतःच्या संघटनेच्या लोकांनीसुद्धा, मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तरांनी माझ्याकडे दाखवलं.

"बोलायचं काम यांचं," ते म्हणाले, आणि हात वर करून बँड थांबवला.

उपकारच की! पण मी सोडलं नाही. पायरीवर उभा राहिलो आणि बोललो. सहीचा आकडा, हातातला आकडा, इनासचे हात, बाळंतपणाच्या बायका. चांगला बोललो हो, खरंच चांगला बोललो. अधिकारी मान हलवत होता, लोक गप्प होते. मला वाटलं, आज होणार, आज शेवटपर्यंत होणार. आणि मी कामगार चळवळीच्या इतिहासाकडे वळलो. कोपऱ्यातून बोट वर गेलेलं मला दिसलं. धडाम! सगळी वसई एका आवाजात ओरडली, "भात लागला!" अधिकारीसुद्धा हसला.

हसता हसता त्याने तपासणी लावायचं सगळ्यांसमोर कबूल केलं, आणि एवढ्या लोकांसमोर कबूल केलेलं त्याला फिरवता आलं नाही. गाळ्यागाळ्यांतून तपासण्या झाल्या. नवा दर यायला पुढे बराच काळ आणि बरेच मोर्चे लागले, पण आला. बादली कारखान्यातल्या बायकांच्या हातात सहीएवढे पैसे पडले. त्या दिवशी त्या बायका हार घेऊन मास्तरांच्या घरी गेल्या. मला शेजारच्या वाण्याच्या फोनवर निरोप आला, "सावंतसाहेब, अभिनंदन."

नंतर समिती पांगली. बरेच गाळे बंद पडले, काही दूर हायवेकडे गेले, नायगावच्या बाजूला टॉवर उठले. नवी माणसं, नवे कंत्राटदार, पुन्हा तोच सही-हाताचा खेळ. मी अजून पत्रकं काढत होतो. मास्तरांचे पुढचे दात पडले आणि ट्रंपेट सुटलं. तरी बँडच्या पुढे ते चालायचे, नुसते, रिकाम्या हाताने. नुसते चालले तरी लोक त्यांच्याकडेच बघायचे.

दोन हजारनंतरच्या एका उन्हाळ्यात ते गेले. सुमन माझ्याआधी रडली. गावात पोचलो तर पाय ठेवायला जागा नाही. पाटील काठी टेकत आले होते, देशपांडेबाई आल्या होत्या, जाधव आला होता, बादली कारखान्यातल्या बायका नातवंडं घेऊन आल्या होत्या. पेटी उघडी होती. लाल कोट, हातात जपमाळ, पायात बूट. पांढरेशुभ्र. मी खाली माझ्या चपलांकडे बघितलं. उन्हाळा होता, तरी कुठूनसा चिखल लागलाच होता.

बँडने दफनभूमीपर्यंत वाजवलं. पेटीचं झाकण लावून ती खाली सोडायच्या आधी त्यांचा मुलगा माझ्याजवळ आला. "काका, बाबा म्हणायचे, बोलायचं काम तुमचं. दोन शब्द बोला."

मी पुढे झालो. एवढी गर्दी मला आयुष्यात मिळाली नव्हती. कोणी निघत नव्हतं, कोणी कुजबुजत नव्हतं, कोणी ओठांना तेल लावत नव्हतं. मी बुटांचं सांगितलं, वरातीचं सांगितलं, आंतोनबाबांचं सांगितलं. लोक ऐकत होते. सांगून झालं तरी ऐकत होते. मग मला थांबता येईना. समिती कशी झाली तिथपासून सुरू केलं. किमान वेतनाचा कायदा, चळवळीचा इतिहास, सगळं त्या उन्हात सांगत सुटलो, आणि ती माणसं शहाण्या मुलांसारखी उभी राहून ऐकत होती. बोलता बोलता मी इनासकडे बघितलं. गळ्यात ढोल, हातात काठी. तो माझ्याकडे बघतच नव्हता. तो पेटीकडे बघत होता, मास्तरांच्या हाताकडे. बोट वर होण्याची वाट बघत होता.

मी आणखी थोडं बोललो. माझा घसा बसला. मग मीच बोट वर केलं.

"इनास," मी म्हणालो, "भात लागला."

इनासने ढोलावर काठी हाणली. सगळ्या माना एकदम तिकडे वळल्या, आणि माझ्याकडे बघणारं कोणी उरलं नाही.